दूरोनबेकची ओळ

“इशारा आलाच नाही, सापार अके.” रस्ते डेपोचा एसेन मोठ्या माणसाला ‘अके’ म्हणायला विसरला नव्हता, पण टोपी न काढता दारातच उभा होता.

“काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धाडलाय. हे बघ.”

“धाडला असेल. डेपोत फोनला रेंज नाही, तारेवरून ई-मेलचं पत्र तेवढं येतं. पत्र नाही म्हणून खिंडीच्या रस्त्याचं फाटक खाली पाडलं नाही. फाटक उघडं म्हणून कालिस पावाची गाडी घेऊन खिंडीत शिरला.”

कालिसचं प्रेत कालच बर्फाच्या दरडीखालून काढलं होतं. पाव फडक्यात जसेच्या तसे होते म्हणे.

एसेनने फोन टेबलावर ठेवला. इशारा शेवटी सापडला होता. स्पॅमच्या, म्हणजे कचऱ्याच्या कप्प्यात, टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या आणि कुठल्याशा लॉटरीच्या जाहिरातींच्या मधोमध.

नारीनच्या डोंगरात दरडीचे इशारे देणाऱ्या या दरड-केंद्रात सापारची चोवीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक केंद्रप्रमुख दूरोनबेकच्या हाताखाली. दूरोनबेक म्हणजे काय चीज! दरड यायच्या आदल्या दिवशी त्याच्या डाव्या मिशीचं टोक वर जायचं. दोन्ही टोकं वर गेली की मेंढ्या आपण होऊन डोंगर उतरायच्या. एकदा तर त्याने शिंक दाबून धरली तेव्हा डोंगरानेही दरड तीन दिवस दाबून धरली. खोटं वाटत असेल तर त्या मेंढ्यांना विचारा.

पण याच मिशाळाने पन्नाशी उलटल्यावर एकेक अक्षर लावत केंद्राचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, उभं केलं. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे जगात कुणीही वाचावी अशा पाटीवर, त्याने मजकुराची एक ओळ लिहिली: आमच्या नावाने पत्रं धाडायचा हक्क फक्त या यंत्राला. पत्र आलं की ते घेणाऱ्याचं टपालयंत्र आधी ती ओळ वाचतं, पत्रावर विश्वास ठेवायचा की नाही ते मग ठरवतं.

गेल्या शरदात दूरोनबेक वारला आणि गेल्या आठवड्यात पत्रं धाडायचं नवं यंत्र आलं. ओळ बदलायची होती. सापारने खोडायच्या कळीवर बोट ठेवलं आणि उचललं. तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागेवरून वडीलधाऱ्याला कुणी ऊठ म्हणतं का? मेलेल्याला तर नाहीच नाही. त्याने जुनी ओळ राहू दिली आणि आपली ओळ अदबीने तिच्याखाली लिहिली.

आज त्याने नियम शेवटपर्यंत वाचला. हक्काची ओळ एकच हवी. दोन दिसल्या की टपालयंत्र एकीलाही मानत नाही आणि पत्र कचऱ्यात टाकतं.

“यंत्र बिघडलंय का?” एसेनने विचारलं.

“यंत्र ठीक आहे. मी बिघडवलं.” सापारने दोन्ही ओळी दाखवल्या.

एसेनने ओळी बोटाने मोजल्या. “एवढंच? एवढ्याशासाठी?”

“एवढंच.”

“उद्या शाळेची बस वर जायचीय, अके. उद्याचा इशारा पोचणार की तोही टकल्यांच्या तेलात?”

सापारने वरची ओळ खोडली. आवाजसुद्धा झाला नाही. बदल सगळ्या टपालयंत्रांपर्यंत पोचावा म्हणून दोघं तासभर चहासमोर बसले, चहा निवला. मग त्याने चाचणीचं पत्र धाडलं आणि एसेनचा फोन वाजला.

“आलं,” एसेन म्हणाला. “बरोबर टपालाच्या डब्यात.” त्याने फोन उचलला आणि सलाम न करताच तो निघून गेला.

मयताच्या सातव्या दिवशीच्या जेवणाला सापार कालिसच्या घरी गेला आणि दाराशी, जोड्यांजवळ बसला. कालिसची बायको बुरुल पुढे आली.

“अके, इथे कुठे? वर बसा.”

“पोरी, इशारा माझ्यामुळे हरवला.”

“एसेनने सांगितलं.” तिचा आवाज हलला नाही. “केंद्रातले आता तुम्हीच वडीलधारे. जागा रिकामी ठेवू नका, बाकीच्यांना बसता येत नाही.”

तो उठला, माणसं सरकली. दारासमोरच्या मानाच्या जागेवर तो एकटा बसला. पुढ्यात पाव होता, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने आलेला. वडीलधाऱ्याने मोडल्याशिवाय पावाला कुणी हात लावत नाही. सगळे त्याच्या हातांकडे बघत थांबले होते.