नळीच्या तोंडावरची पट्टी

माझ्या बंदुकीला ‘केरसुणीचा दांडा’ म्हणणारा पहिला माणूस माझा दीर ड्वेन. शेवटचाही तोच असू दे, कारण यापुढे कुणी म्हटलं तर त्याच दांड्याने त्याला हाकलीन. हो, एका वेळी एकच गोळी भरते, तीही बंदूक बिजागरीवर मधून मोडून. बार काढला की पुन्हा मोडायची, रिकामं काडतूस बोटांनी उपसायचं, दुसरं घालायचं, घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. थंडीत तो असा आखडतो की अंगठा सोलून निघतो. वजनाला हलकी, म्हणून खांद्याला दणकाही असा बसतो की दोन दिवस मी राबते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचं पातेलं उतरवता येत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. सोळा वर्षं वापरतेय. हार्लनने, माझ्या नवऱ्याने, ती आणली तेव्हा लाकडाची गिरणी बंद पडून दोन महिने झाले होते, आणि त्या दुकानात तिच्याहून स्वस्त फक्त उंदराचे सापळे होते.

पण मोडली की नळीतून आरपार उजेड दिसतो. भरलेली की रिकामी, शेंबड्या पोरालाही कळतं. कुंपण ओलांडताना मोडून हातावर टाकली की बरोबरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही. आणि एकच गोळी असली की माणूस विचार करून बार काढतो. ड्वेनच्या दुर्बीणवाल्या बंदुकीत पाच मावतात, म्हणून तो चार उडवून मग विचार करायला बसतो.

हार्लन एप्रिलमध्ये गेला. डोंगरातल्या आमच्या शिकारीच्या झोपडीत त्याची खाट रिकामी राहू नये म्हणून त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या सोमवारी मी गेले. अंगात त्याचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा सदरा होता. आणि माझ्या बंदुकीच्या तोंडावर त्याने लावलेली पट्टी होती.

त्या पट्टीचं सांगते. फ्रीझरमधल्या मांसाच्या पुड्यांवर लावायची ती पांढरी चिकटपट्टी. हंगाम संपला की हार्लन बंदुका साफ करायचा आणि नळीत कोळी जाऊ नये, बर्फ जाऊ नये म्हणून तोंडावर तुकडा डकवायचा. माणूस असा की पुड्यांवर तारीख घालता घालता त्या तुकड्यावरही घालायचा, आणि खाली आपल्या नावाचं अक्षर. बारला त्याने काही अडत नाही, गोळी पट्टी फाडून निघून जाते. माझ्या बंदुकीवरची पट्टी आदल्या डिसेंबरची होती. त्याच्या हाताची, निळ्या पेनाची.

सकाळी आठच्या सुमाराला हरणाचा शिंगवाला नर माझ्यापासून चाळीस पावलांवर येऊन उभा राहिला. आडवा, निवांत. मी बंदूक उचलली, घोडा ओढला, आणि नळीच्या टोकाला ती पांढरी पट्टी दिसली. चाप ओढवेना मला. खरं सांगते, लाज कसली त्यात? घोडा सावकाश खाली सोडला आणि म्हटलं, जा बाबा. तो ओढ्यापलीकडे चढला, आणि तिकडून ठो! मग लगोलग ठो, ठो! हरीण मागून बसल्यासारखं झालं, एक पाय ओढत कड्याआड गेलं.

पलीकडच्या चढावर ड्वेनचं नारिंगी जाकीट दिसलं. मी हाक मारणार, तोच तो ओरडला, “व्हर्ना! काय केलंस हे? मागच्या पायात घातलीस ना?”

“मी? मी बारच काढला नाही!”

“पहिला तुझाच होता. मी मागून दोन टाकून आवरायला बघितलं. म्हणून सांगतो, तो दांडा घरी ठेव! दुसरी गोळी घालेपर्यंत जनावर पुढच्या गावात पोचतं!”

“चोराच्या उलट्या बोंबा! इकडे ये, माझी नळी बघ. हार्लनची पट्टी अजून तोंडावर आहे!”

“ज्याने जखमी केलं त्याने माग काढायचा. झोपडीचा नियम आहे,” असं म्हणून तो वळला आणि चालू लागला. पट्टी बघायला ओढा ओलांडून आला नाही मेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मनात म्हटलं, ओरड बाबा, संध्याकाळी झोपडीत सगळ्यांपुढे बंदूक टेबलावर ठेवते, पट्टीवरची तारीख वाचा म्हणते. मेलेल्या माणसाचं अक्षर मी कुठून आणणार होते? अशी साक्ष कोर्टातही मिळत नाही. सदरा सुखरूप होता.

सदऱ्याचं म्हणते, कारण झोपडीची रीतच तशी. नेम चुकला, जनावर जखमी करून सोडलं, की जेवणानंतर त्याच्या सदऱ्याचं खालचं टोक कापायचं, वर नाव नि साल लिहून भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. चाळीसेक टोकं आहेत तिथे. माझी दोन आहेत, हार्लनची तीन. ड्वेनचं एकही नाही, आणि हे तो दर वर्षी सूप वाढून घेताना ऐकवतो.

माग मी काढला. रीत म्हणून नव्हे, ते जनावर तिकडे पाय ओढत होतं म्हणून. बर्फावर रक्ताचे थेंब, मग थारोळं, मग पुन्हा थेंब. दुपारी एकच्या सुमाराला हेमलॉकच्या झाडांखाली ते दिसलं. जिवंत होतं. मागचा भाग निकामी, पुढच्या दोन पायांवर उठायची धडपड.

मी बंदूक उचलली तेव्हा हातमोज्यातला अंगठा घोड्यावरच थांबला. या एका बारात पट्टी जाणार. साक्ष जाणार, त्याचं अक्षर जाणार. झोपडीपर्यंत जाऊन कुणाला घेऊन यायचं तर दीड तास, आणि खाली शंभर पावलांवर घळ. हरणाने मला पाहिलं, पुढचे पाय रोवले, घळीकडे एक उडी घेतली. पट्टी सोलून काढावी म्हणून मोजा काढून मी नखही लावलं, पण वर्षभराची चिकटलेली ती, गोठलेल्या बोटांना कुठली दाद देते! दुसरी उडी. घळीत गेलं असतं तर रात्रभर मरत राहिलं असतं.

मी बार काढला. कानामागे, एकच.

मग तिथेच बर्फात बसले आणि ड्वेनला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. नळीच्या तोंडावर चिंध्या लोंबत होत्या. अक्षराचा मागमूस नव्हता. ज्याच्या हातून मरतं त्याने कानाला परवान्याची चिठ्ठी बांधायची, हा सरकारी कायदा. मी माझी बांधली, आतडी काढली आणि फरफटत हरीण झोपडीशी आणलं.

जेवायला सहा जण होतो. बीन्सचं सूप, मक्याचा पाव. एल्वुड सगळ्यांत थोरले, ऐंशीचे, त्यांना सगळेच पॅप म्हणतात. कात्री त्यांच्याकडे.

“मी बार काढला नव्हता, पॅप,” मी म्हटलं. “हे बघा, तीन काडतुसं नेली होती, दोन उरलीत. रिकामं एकच आहे, तेही हरणाला सोडवायला उडवलेलं.”

“नेली किती, हे सकाळी मोजलं कुणी?” ड्वेन म्हणाला.

“नळीवर हार्लनची पट्टी होती.”

“कुठेय ती? दाखव की!” तो सगळ्यांकडे बघून हसला. “आणि बाहेर टांगलेल्या हरणाच्या कानाला चिठ्ठी कुणाची आहे? माझी? अगं व्हर्ना, चुकलं तर चुकलं म्हण. त्या दांड्याकडून कुणी जास्त अपेक्षाच करत नाही.”

सगळे हसले. तसं वाईट कुणी नाही हो त्यांच्यात. पोट भरलेलं, शेगडी तापलेली, कात्री टेबलावर. कुणाचं तरी टोक कापायचं, मजा करायची, इतकंच.

“पॅप, हा सदरा हार्लनचा आहे.”

“ठाऊक आहे पोरी,” पॅप म्हणाले. “त्यालाही चाललं असतं. नियम तो नियम.”

आणि कापला. लोकर जाड, कात्री बोथट, तीनदा चावत चावत गेली. ड्वेनने त्यावर माझं नाव लिहिलं आणि स्वतःच्या हाताने ठोकलं, हार्लनच्या टोकाला लागून.

सकाळी पॅप हरीण सोलायला बसले. मी कॉफी घेऊन दारात उभी होते. मागच्या खुब्यापाशी सुरी हाडावर वाजली, तशी त्यांनी बोट घालून काहीतरी उपसलं, बर्फात पुसलं. गोळी. पुढून चेपून फुललेली, पण बूड शाबूत. म्हाताऱ्याने ती उजेडात धरून फिरवून पाहिली. मग म्हणाला, “दोघांच्या बंदुका आणा. रिकाम्या करून.”

माझी मोडून त्यांच्या हातात दिली. गोळीचं बूड त्यांनी नळीच्या तोंडात धरलं, तर ते आत खुळखुळलं. माझी गोळी जाड, ही बारीक. मग ड्वेनची बंदूक घेतली. बूड तोंडाशी घट्ट बसलं.

ड्वेन म्हणाला, “बरं, असेल माझी. गडबडीत कळलं नाही. माणूस आहे, चूक होते.”

“चूक बार काढताना झाली,” मी म्हटलं. “त्यानंतर तू केलंस ते खोटं बोलणं होतं. दिवसभर, आणि माझ्याच पातेल्यातलं सूप खाताना.”

पॅप आत गेले, खिळा उपटला, तो तुकडा आणून माझ्यापुढे धरला. “माझी म्हातारी शिवून देईल, व्हर्ना. कळणारसुद्धा नाही. आणि ड्वेन, सदरा बाहेर काढ.”

“त्याचा कापू नका,” मी म्हटलं. “त्याचं टोक हार्लनच्या शेजारी नको मला.”

“मग काय करू, सांग.”

“काय करणार आता? पट्टी मी स्वतः दिली, पॅप. त्या जनावरासाठी दिली, तिचं मला काही नाही. सदरा तुम्ही घेतलात. काल हरीण या दारापासून पाच पावलांवर टांगलेलं होतं. मी ओरडून सांगत होते, आणि सुरी तुमच्या कमरेलाच होती. पाच पावलं, पॅप. तुम्ही कात्रीसाठी हात पुढे केलात, पण त्या पाच पावलांसाठी जागचे उठला नाहीत.”

तुकडा घेऊन खिशात घातला, बंदूक तशीच मोडलेली हातावर टाकली आणि गाडीकडे निघाले. थांब म्हणायला मागून कुणी आलं नाही.