दोन चापट्यांची खूण

मित्रांनो, फुलंब्रीच्या बाजूला कधी आलात आणि एखाद्या घरामागे भुशाच्या गोण्यांवर ताणून बांधलेली, ठिगळांनी भरलेली ताडपत्री दिसली, तर ती मी. माझा मूळ रंग हिरवा. तो आता कुठे उरला आहे हे मलाही शोधावं लागतं. जुन्या वस्तू आपलं दुःख सांगायला बसल्या की लवकर उठत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मला दुःखापेक्षा एका गोष्टीचं कुतूहल जास्त आहे. माणूस ठरवून पडतो आणि समोरची माणसं मनापासून हसतात, कधी घाबरतात. मग यातलं खरं नेमकं कुठे असतं? मी हजारो वेळा माणसं अंगावर पाडून घेतली आहेत. या विषयात माझ्याइतका अभ्यास फार कमी जणांचा असेल.

माझा जन्म चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जाड सुती कापड, त्यावर मेणाचा हात, कडेला पितळी कड्या. माझ्या बहिणी ट्रकवर गेल्या आणि कापसाच्या गाठी झाकत देशभर हिंडल्या. मला मात्र साहेबराव नावाच्या माणसानं उचललं. त्याचा फ्रीस्टाइल कुस्त्यांचा फिरता खेळ होता. चार लोखंडी खांब, तीन पदरी दोर, खाली फळ्या, फळ्यांवर भुशाच्या गोण्या आणि त्या सगळ्यांवर ताणून बसवलेली मी. जिथे जत्रा तिथे आमचा टेम्पो. या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असे. साहेबराव माइक हातात घेऊन दोन्ही पहिलवानांची अशी काही वर्णनं करायचा, की ती ऐकून ते दोघेच चकित व्हायचे.

त्या दोघांतला थोरला कडूबा. फुलंब्रीकडच्या मेंढपाळाच्या घरातला, तालमीच्या तांबड्या मातीत वाढलेला. त्यानं खरी मैदानं मारली होती. पुढे गुडघा गेला, मैदानं सुटली, आणि तो खाली मान घालून साहेबरावाकडे आला. दुसरा अजिनाथ. तो वेरूळला लेणी पाहायला येणाऱ्यांना काकड्या विकायचा आणि विकता विकता त्यांच्याच चालण्याबोलण्याच्या नकला करायचा. अंगानं काडी, पोट तेवढं पुढे. कुस्तीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. साहेबरावानं काकडी घेतली आणि काकडीवाल्यालाही सोबत आणलं.

पहिल्या दिवशी कडूबा त्याच्याकडे बघून म्हणाला, "ही कुस्ती नाय, सोंग हाय."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "पण सोंगात बी पडावं तं लागतंच ना, पहिलवान. मला पडायला शिकवा."

कडूबाला हे उत्तर आवडलं असावं. पंधरा दिवस त्यानं अजिनाथला दुसरं काही शिकवलंच नाही. हनुवटी छातीला लाव, श्वास सोड, हात सपाट आपट. दिवसभर धप्प, धप्प. माझी शिवण उसवायची वेळ आली. कडूबाचं म्हणणं एकच असे. "पडायचं ते खरं पडायचं. हसायचं का नाय ते लोकं बघतील."

सुरुवातीला त्यांना प्रमाण सापडत नव्हतं. एका गावात त्यांनी सगळा खेळ गंभीर केला. कडूबानं अजिनाथला असा काही आपटला, की एक म्हातारी चप्पल हातात घेऊन दोरांखालून आत शिरली आणि कडूबाच्या पाठीत दोन लगावून म्हणाली, "गरिबाला कामून मारतो रं?" पुढच्या गावात त्यांनी सगळाच विनोद केला. लोकांनी शेंगा खाल्ल्या, टरफलं माझ्यावर टाकली आणि निम्म्यातून उठून गेले. एक जण जाता जाता म्हणाला, "नकलाच बघायच्या होत्या तं कुस्तीची हाळी कामून दिली?" हे कडूबाला फार लागलं.

त्या दिवशी भाकरी खायला ते माझ्यावरच बसले. बराच वेळ वाद चालला होता. शेवटी ठरलं ते असं. अजिनाथनं वाटेल ते करावं, डावात अडकलेला असताना प्रेक्षकांना पाणी मागावं, उलटा लटकून टोपी नीट करावी, पण खेळात एकदा तरी असं पडावं की पुढच्या ओळीतल्या माणसाच्या तोंडचा घास थांबेल. आणि कडूबानं काही झालं तरी हसायचं नाही. "मी हसलो की खेळ संपला," तो म्हणाला. अजिनाथनं त्याला हसवायचा रोज प्रयत्न करायचा, असंही ठरलं. इतक्या वर्षांत त्याला ते एकदाही जमलं नाही. मला वाटतं, लोक पुन्हा पुन्हा यायचे ते याचसाठी. त्यांना आज तरी हा पहाड हसतो का, ते बघायचं असे.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी ठरली. कडूबानं ती तालमीतून आणली होती. खरंच लागलं, श्वास कोंडला, हाड दुखावलं, तर तळहात सपाट करून ताडपत्रीवर दोन चापट्या मारायच्या. कोणी जिंकायचंय, लोक काय ओरडतायत, काही बघायचं नाही. समोरच्यानं त्या क्षणी हात सोडायचा. "ही खूण खेळातली नाय," कडूबानं बजावलं. "ही आपल्या दोघांची." वर्षाकाठी एखाद्या वेळीच ती वापरली जाई. कडूबाचा हात दर वेळी विस्तवावरून उचलल्यासारखा सुटायचा. लोकांना पत्ताही लागत नसे.

मग दुष्काळ आला. दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला आणि जत्रांची मैदानं ओस पडली. ज्या गावात टँकर कधी येतो याची वाट बघत लोक बसले होते, तिथे कुस्ती कोण बघणार? साहेबरावानं खांब आणि दोर गुंडाळून ठेवले. कडूबानं मात्र मला मागून घेतलं. गावाबाहेर खड्डा खणला, मला त्यात अंथरलं आणि टँकरचं पाणी माझ्यात ओतलं. मेंढ्या कळपाकळपानं येऊन प्यायच्या, बायका घागरी भरायच्या. तोवर मला माणसांच्या वजनाचा अभिमान होता. पाणी किती जड असतं ते तेव्हा कळलं. माणूस पडतो आणि उठतो, पाणी बसूनच राहतं. खेळापेक्षा त्या कामात माझं जास्त कौतुक झालं, हे मी कबूल करते. मेंढ्यांच्या खुरांनी मला भोकं पडली. ती कडूबानं दाभण आणि लोकरीचा दोरा घेऊन शिवली, घोंगडी शिवावी तशी.

तसले दोन-तीन उन्हाळे गेले आणि साहेबरावाचा निरोप आला. आता खेळ शहरात. शहर तेव्हा चहूकडे फुगत होतं. चिकलठाण्याला, मी जिथे जन्मले त्याच्या आसपासच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या होत्या. सुटीच्या दिवशी कारखान्यांतले कामगार, बांधकामावरची माणसं, नव्या घरांतली कुटुंबं, सगळी मैदानावर यायची. पण गावची नजर आणि शहरची नजर वेगळी. शहरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि त्यावर जगभरच्या कुस्त्या. "सब सेटिंग है भाई," कोणीतरी ओरडायचं आणि बाकीचे मान डोलवायचे. कडूबा जीव तोडून आपटायचा, अजिनाथ जीव तोडून आपटून घ्यायचा, तरी कोणाच्या तोंडचा घास थांबेना.

साहेबराव घाबरला. "लोकं खरं मानीनात, तं निदान हसवा," तो अजिनाथला म्हणाला.

अजिनाथनं हसवलं. कसं, ते सांगायला मला आजही जड जातं. कडूबानं त्याला खाली दाबून धरलं होतं. अजिनाथनं आधी लोकांकडे पाहिलं, डोळा मारला, आणि माझ्यावर दोन चापट्या मारल्या. कडूबाचा हात तत्क्षणी सुटला. अजिनाथ टुणकन उठला आणि त्यानं कडूबाला मागून लाथ घातली. एवढं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

खेळ संपल्यावर कडूबा एवढंच बोलला. "अजिनाथ, त्या खुणेला हात लावू नको."

"लोकं किती हसली बघितलं नाय का, पहिलवान? आणि तुम्ही सोडलं ते खरं होतं म्हणून तं हसली."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण. साहेबरावानं ते रोजचं करून टाकलं. काही दिवसांनी लोकांना चापट्या पाठ झाल्या, तेव्हा त्यांनी पुढचा भाग बसवला. चापट्या पडल्या की आता कडूबानं हात सोडायचा नाही. शहाणं झाल्यासारखी मान हलवायची आणि आणखी जोरानं दाबायचं. याला तर लोक उभे राहून हसायचे. एवढ्या वर्षांच्या सवयीनं सुटणारा हात न सोडायला कडूबाला महिनाभर शिकावं लागलं. तो हात सुटू नये म्हणून दुसऱ्या हातानं तो मलाच घट्ट धरायचा.

एका रविवारी दुपारी कडूबाची मुलगी प्रांजली पहिल्यांदा मैदानावर खेळ बघायला आली. सतरा वर्षांची, शहरात मुलींच्या तालमीत खरी कुस्ती शिकणारी. तालमीतल्या पोरी तिला चिडवायच्या, तुझे अप्पा सोंगाडे आहेत म्हणून. ती पहिल्या ओळीत, हाताची घडी घालून बसली होती. मुलगी बघतेय म्हणून कडूबानं त्या दिवशी अजिनाथला जरा जास्तच उंच उचललं. मी सगळं अंगावर घेतलं आणि मला कळलं की हे पडणं ठरल्यासारखं झालेलं नाही. हनुवटी छातीला होती, पण खांदा आधी टेकला. आत काहीतरी कट्कन झालं. वर कडूबा, ठरल्याप्रमाणे, त्याच खांद्यावर भार देऊन बसला.

दोन चापट्या पडल्या. तळहात ओला होता आणि थंड. गमतीतल्या चापट्या फुगवून मारलेल्या असत, या अगदी बारीक होत्या. मित्रांनो, मला ते समजलं आणि मला बोलता येत नाही. कडूबानं शहाण्यासारखी मान हलवली आणि आणखी जोरानं दाबलं. मैदान हसून कोसळलं. पुन्हा दोन चापट्या. हसू आणखी वाढलं.

मग दोरांखालून कोणीतरी आत शिरलं. प्रांजली. तिनं बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. "अप्पा, सोडा. खरं हाये ते."

लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा नवा भाग आहे.

अजिनाथला दवाखान्यात नेलं तेव्हा कडूबानं तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"काकांनी चापटी मारायच्या आधी लोकांकडं बघितलं नाय," ती म्हणाली. "दर टायमाला आधी बघतात, मोबाइलवर बघितलंय मी."

अजिनाथचा तो हात पुढे खांद्याच्या वर गेला नाही. साहेबरावानं खेळ बंद केला, खांब आणि दोर कोणाला तरी देऊन टाकले. मी कडूबाच्या वाट्याला आले. त्यानं मला मेंढ्यांच्या वाड्यावर, पत्र्याच्या खाली गुंडाळून टाकलं आणि पुन्हा उलगडलं नाही. उंदरांनी माझ्यात घरं केली. ऊन, धूळ, लेंड्यांचा वास. दोन वर्षं गेली. या काळात शहराच्या पाट्यांवरचं नाव बदललं, म्हणे. मला माझी घडीही बदलून मिळाली नाही. कडूबा प्रांजलीला तालमीपर्यंत सोडायला जायचा, पण दारातून आत जायचा नाही. ती घरी म्हणायची, "अप्पा, एक डाव दाखवा ना." तो म्हणायचा, "माझा हात आता भरवशाचा नाय."

एका सकाळी फुलंब्रीच्या जीपमधून अजिनाथ उतरला. पिशवीत काकड्या होत्या. कडूबा त्याच्या खांद्याकडे बघेना आणि तोंडाकडेही बघेना.

"एक विचारू का, पहिलवान?" अजिनाथ म्हणाला. "त्या दिवशी माझी चापटी ऐकू आली नव्हती का?"

"पहिली बी आली, दुसरी बी आली." कडूबा म्हणाला. "मला वाटलं, लोकांसाठी हाये."

"मंग चूक माझीच. ती आपली होती. मीच लोकांना वाटून टाकली."

कडूबानं डोळे पुसले. लपवून नाही, सरळ पंच्यानं पुसले. मग अजिनाथ वाड्याकडे गेला आणि एका हातानं मला बाहेर ओढायला लागला. प्रांजली धावली. दोघांनी मला झटकलं, उंदरांना घर सोडावं लागलं. कडूबा आधी नुसता बघत राहिला, मग घरातून दाभण घेऊन आला. दुपारपर्यंत तो मला शिवत बसला होता. भुशाच्या गोण्या आल्या, घरामागे मला ताणून बांधलं.

"पोरीला पडायला मी शिकवतो," अजिनाथ म्हणाला. "पण धरायला तुम्ही पाहिजेत. आधी मला धरा."

"नाय."

"धरा म्हणतो ना."

अजिनाथ चांगला खांदा टेकवून माझ्यावर आडवा झाला. कडूबानं त्याचा हात धरला, इतका हलका की मला वजनच कळेना. "दाबा," अजिनाथ म्हणाला. कडूबानं दाबलं. प्रांजली शेजारी उभी राहून बघत होती. अजिनाथनं कोणाकडेही न बघता तळहात सपाट केला आणि एक चापटी मारली. कडूबाचे दोन्ही हात हवेत गेले होते. अजिनाथचा पंजा दुसऱ्या चापटीसाठी उचललेला, तसाच अधांतरी.

"अहो पहिलवान, दुसरी तं मारू द्या."

आणि कडूबा हसला. आधी नाकातून, मग पोटातून, गुडघे माझ्यावर टेकून. इतकी वर्षं जे हसू बघायला गावंच्या गावं यायची, ते बघायला त्या दिवशी प्रांजली, दहा-बारा मेंढ्या आणि मी, एवढेच होतो.

माझ्या कुतूहलाचं उत्तर मला पुरतं मिळालं आहे असं म्हणत नाही. पण मित्रांनो, एवढं मात्र कळलं, की ठरवून पडणारी माणसंही कशाच्या तरी भरवशावर पडतात. तुम्ही खुशाल हसवा, सोंगं काढा, मोठ्यांच्या नकला करा. फक्त आपल्या माणसाला हाक मारायची जी एक खूण असेल, ती गमतीला वापरू नका. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी ताडपत्री असेल तर तिला उन्हात चुरगाळून टाकू नका. झटका, शिवा, अंथरा. आमच्यावर अजून पुष्कळ पडता येतं.

आता रोज संध्याकाळी माझ्यावर सराव चालतो. प्रांजलीच्या तालमीतल्या त्याच चिडवणाऱ्या चार पोरी कडूबाकडे डाव शिकायला येतात. डाव बसतो, कोणीतरी चापटी मारतं, पकड सुटते. मी रोज कान देऊन असते. दुसरी चापटी मला अजून ऐकायला मिळालेली नाही.