निळ्या दाराचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना पन्हळी पत्रा आहे. गंजलेला, एका कडेने कापलेला, आणि सध्या एका घरातल्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा. पण माझी उभी हयात विमानांच्या शेजारी गेली.

कारखान्यात माझ्या अंगावर लाटा पाडल्या, निळा रंग चढवला आणि एका छोट्या विमानतळावर हँगरच्या दाराला मला ठोकले. हँगर म्हणजे विमाने ठेवायची अवाढव्य शेड. दार इतके जड की सहा मेकॅनिक मिळून ते ढकलत. त्यांच्या मुख्य मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. पाहुणे वैमानिक त्यांना सांगत, "लांबून तुमचं निळं दार दिसलं की जिवात जीव येतो." ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग दुसरीकडे मोठा विमानतळ झाला. विमाने येईनाशी झाली. रंगाचे पोपडे उडाले, कबुतरांनी संसार थाटले. उस्तादांचे गुडघे गेले, ते घरी बसले. आणि एक दिवस हँगर पाडायचे ठरले.

तेव्हा उस्तादांची लेक कॅमेरा आणि शिडी घेऊन आली. संगणकावर विमान उडवण्याचा जो सिम्युलेटर असतो ना, त्यातल्या इमारतींवर चढवायचे फोटो ती तयार करते. पाडकामाच्या मुकादमाने तिला चार दिवस दिले. पण वडिलांचे आवरून यायला तिला दुपार होई, आणि तोवर दारावर छपराची तिरकी सावली पडलेली असे.

"काढा की फोटो. ऊन तर लख्ख आहे," मुकादम म्हणाला.

"तेच तर नकोय, दादा. फोटोत सावली आली की ती तिथेच चिकटते. सिम्युलेटरमधला सूर्य फिरेल, सावली मात्र जागची हलणार नाही."

तीन दिवस ती ढगाची वाट बघत बसली. ढग काही आला नाही. तिसऱ्या संध्याकाळी घरी काय झाले, ते तिने दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगितले, म्हणून मला कळले. उस्ताद म्हणाले होते, "अगं, दार पश्चिमेला आहे. सकाळभर त्यावर ऊन येत नाही. सकाळी जा."

"आणि तुमची आंघोळ, गोळ्या?"

"माझं मी बघतो एक दिवस. मला काय धाड भरलीये? दार उद्या जाणार आहे."

चौथ्या दिवशी ती सातलाच हजर. सगळे दार सारख्या, मऊ सावलीत होते. वीतभर सरकायचे, कॅमेरा अगदी सरळ धरायचा आणि फोटो घ्यायचा, असे तिने दोनशेच्या वर फोटो घेतले. एकेक खिळा, एकेक ओघळ. आयुष्यात मला इतक्या जवळून कुणी पाहिले नव्हते. मागे पाडकामाचे यंत्र गुरगुरत होते.

"झालं का, ताई?" शिडी धरून उभा असलेला मुकादम विचारी.

"दोनच फूट राहिलंय, दादा!"

शेवटी रंग ताडून बघायला तिने एक पत्रा मागितला. हँडलजवळचा मी होतो. मुकादमाने मला कापून दिले. मग दार कोसळले. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

या खोलीत ती महिनाभर फोटो जोडत होती. पडद्यावर हँगर उभे राहिले तेव्हा तिने वडिलांना बोलावले. उस्ताद बराच वेळ बघत राहिले.

"हँडलजवळचा काळा डाग कुठे गेला?"

"मळ होता, बाबा. पुसला मी."

उस्ताद काठी टेकत माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्यावर तळहात टेकवला. तो डागावर नेमका बसला.

"मळ नाही गं. आम्ही सहा जण रोज दार ढकलायचो, तेव्हा माझा हात इथेच असायचा."

मूळ फोटो शोधून तिने तो डाग होता तिथे, होता तसा परत आणला.

मग तिने विमान हवेत नेले. मित्रांनो, मी चाळीस वर्षे विमाने पाहिली, पण आभाळातून खाली कधी पाहिले नव्हते. खाली नदी होती! हँगरच्या मागे इतकी मोठी नदी, आणि मला तिचा पत्ताच नव्हता. शेते, रस्ते, सुतासारखी धावपट्टी. आणि तिच्या टोकाला नखाएवढा निळा ठिपका. तो आम्ही होतो. वैमानिकांना आम्ही असे दिसत होतो! ठिपका वाढत गेला, पन्हळी उमटल्या, गंज दिसू लागला. विमान दारासमोर थांबले. लेकीने एक कळ दाबली आणि ते जड दार कुणाच्याही हाताशिवाय हळूच सरकले.

उस्तादांनी चष्मा काढून पुसला. "परत एकदा उतरव," ते म्हणाले.

मित्रांनो, मला रंग लावा, जपून ठेवा, असे मी म्हणत नाही. जुन्या वस्तू कधीतरी जाणारच. पण त्या जाण्याआधी एक सकाळ त्यांच्यासाठी काढा. अगदी समोर, सरळ उभे राहून त्यांना बघा. आणि एखादा डाग पुसण्याआधी तो कशाचा आहे, हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारा.