कावळ्यांना घरपोच

"बंद कर ते धूड!"

रिटायर झालेला पोस्टमन दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरपुढे उभा राहिला, तेव्हा थोरली बांधावर पाण्याची कळशी टेकवत होती.

"अडव, अडव," ती म्हणाली. "जन्मभर आमची पत्रं शेजारच्या दारात टाकलीस, आता माझी नांगरट अडव."

थोरली म्हणजे साऱ्या गावाची थोरली. वयानं होतीच, जिभेनं त्याहून. तिच्या शेताला लागून पाखरांचं राखीव रान होतं. पूर्वी तिथं गुरं चरत. आता तार आली, फाटक आलं आणि हिरव्या टोप्या घातलेली गावातलीच माणसं आली. पोस्टमन त्यांचा म्होरक्या. शिंपीण त्याचा उजवा हात. आणि थोरलीचं पोट दुखायचं ते इथंच, तिसरी टोपी तिच्या सख्ख्या सुनेच्या डोक्यावर. घरचं टाकून फुकटच्या कामाला धावणाऱ्या माणसांवर थोरलीचा आधीपासूनच विश्वास नव्हता.

"थोरल्याबाई, तिथं टिटवीची अंडी आहेत."

"मग काय करू? पंख्यानं वारा घालू?"

पोस्टमनचा आवाज खाली आला. "यंदा आमच्या रानात एक पिल्लू निघालं नाही. घरट्यामागून घरटं कावळ्यांनी रिकामं केलं. आता एवढीच जोडी उरलीय, आणि ती नेमकी तुमच्या शेतात. पिल्लं निघेपर्यंत तेवढा तुकडा सोडा."

"तार तुमची, फाटक तुमचं, टोप्या तुमच्या, आणि टिटवी बाळंतपणाला माझ्याकडं! तिला तरी अक्कल आहे म्हणायची."

सून पुढं झाली. "अहो आई, चादरीएवढा तर तुकडा आहे."

"तू बोलू नकोस. चुलीवरचं दूध उतू गेलं ते दिसलं नाही, ढेकळातली अंडी बरी दिसली!"

ट्रॅक्टरवाला कंटाळला. ट्रॅक्टर भाड्याचा, आजच्या दिवसापुरता. उद्या तो दुसऱ्याच्या शेतात जाणार होता.

"विहिरीकडून सुरू कर," थोरली त्याच्यावर खेकसली. "इकडचं जेवणानंतर बघू."

यात दयामाया नव्हती. कुणी मागितलं म्हणून लगेच द्यायचं, ही तिची रीतच नव्हती, एवढंच.

शिंपिणीनं पिशवीतून लाल झेंडा काढला. ब्लाउजांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे झेंडे तीच शिवायची. हिच्या हातच्या ब्लाउजाची एक बाही कायम आखूड, पण झेंडा मात्र कसा चोख! पोस्टमननं तो अंड्यांपाशी रोवला. कुणाचा पाय पडू नये म्हणून राखीव रानातही प्रत्येक घरट्याशी असाच झेंडा होता. मग मंडळी घाम पुसत तारेपलीकडे गेली, मोठा गड जिंकल्यासारखी.

थोरली झाडाखाली बसली. तिची पाठ वळते न वळते तोच कावळा आला. इकडं नाही, तिकडं नाही, थेट झेंड्याच्या काठीवर. बसला, शिटला, मान वाकडी करून खाली बघितलं. टिटवीनं आकाशपाताळ एक केलं. पंख मोडल्याचं सोंग करत ती मातीत फरफटत राहिली. पण कावळा कसला हलतोय!

थोरलीचं ढेकूळ त्याच्या शेपटीला चाटून गेलं. "मेल्या! माझ्या शेतात येऊन चोरी?"

तिला टिटवीचं प्रेम नव्हतं की कावळ्याचं वैर नव्हतं. पण शेत तिचं होतं. तिथून काही चोरीला गेलं तर ते तिचंच गेलं.

तिनं झेंडा उपटला आणि तारेशी जाऊन हाका मारल्या. तिघं धावत आली.

"हे काय गं?" तिनं शिंपिणीच्या नाकाखाली झेंडा धरला.

"घाण आहे कावळ्याची. सगळ्याच झेंड्यांवर असते. दर रविवारी धुऊन बांधते मी."

"धुतेस! आणि तो तिथंच का येऊन बसतो, हे कधी मनात आलं नाही?"

सुनेनं मागं वळून रानाकडे पाहिलं. दूरच्या एका झेंड्यावरही कावळा बसला होता. तिचा चेहरा पडला.

"अहो आई… आम्हीच दाखवलं की त्यांना. जिथं झेंडा तिथं अंडी."

पोस्टमन मटकन बांधावर बसला. "पाय पडू नये म्हणून लावले हो…"

"कुणाचा पाय? त्या तारेआड तुमच्याशिवाय फिरकतं कोण? आमची पत्रं चुकवलीस, पण कावळ्यांना मात्र घरपोच दिलंस!"

पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीनं तिकडं मुद्दाम पाहिलं नाही.

"झेंडे टाकून द्यायचे नाहीत," सून हळूच म्हणाली. "नांगरलेल्या मातीत लावू, जिथं काहीच नाही तिथं. येऊ देत कावळे, बसू देत उकरत."

थोरलीला हसू आलं. ते तिनं पदराआड दडवलं. "माझ्या घरात राहून थोडं तरी शिकलीस."

झेंडे विहिरीकडच्या ढेकळांत गेले. ट्रॅक्टर इकडं आला, तेव्हा घरट्याशी खूण म्हणून भर उन्हात छत्री घेऊन उभी राहिली ती थोरलीच.

"वळव! अजून वळव! डोळे काय भाड्यानं दिलेत?"

आणि टिटवी? ती बया थोरलीच्याच डोक्यावर झडपा घालत होती.

"घाल बाई, तूही घाल. तुझीच कमी होती."

कावळे एका झेंड्यावरून दुसऱ्यावर हिंडले, रिकामी माती टोचून दमले आणि पुढं झेंड्यांकडं ढुंकून बघेनासे झाले. एका सकाळी सून धापा टाकत घरात आली. "निघाली!" काडीसारख्या पायांवर कापसाचे गोळे. दिवस कलायच्या आत आईमागून बांध ओलांडून, तारेखालून, राखीव रानात गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी फाटकाशेजारी पाटी उभी राहिली. थोरलीनं अक्षराला अक्षर लावून वाचली: 'राखीव रानात टिटवीला पिल्लं. स्वयंसेवकांच्या मेहनतीला यश.' ती काही बोलली नाही. सुनेला भीती वाटली ती त्याचीच.

पुढच्या सकाळी पाटी थोरलीच्या शेतात होती. न नांगरलेल्या त्या तुकड्यावर, खुंटासकट रोवलेली.

पोस्टमन धावत आला. "थोरल्याबाई, हे काय केलंत?"

"झेंडे लावले अंडी नव्हती तिथं. पाटी तरी अंडी होती तिथं लागू दे," थोरली म्हणाली. "आता कावळ्यानं वाचली तरी चालेल."