नको म्हणायला कुणी

आमच्या केंद्राच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची आमची: 'ही शाळा नाही'. खालची आमच्या आधी इथे दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याची. तिच्यावरचं त्याचं नाव पुसलं गेलंय आणि 'वेदनारहित' एवढाच निळा शब्द शिल्लक आहे. ती काढायला मी स्टुलावर चढलो होतो. बायको म्हणाली, "राहू दे. आपणही तेच करणार आहोत." मी खाली उतरलो. लग्नानंतरचा माझा बराचसा काळ असा स्टुलावरून खाली उतरण्यात गेलाय.

दंतवैद्य त्याची खुर्चीही मागे टाकून गेला. टाकून गेला म्हणजे काय, ती जमिनीत बोल्टांनी इतकी घट्ट बसवलीय की उपटायला गेलो असतो तर खालच्या शिंप्याच्या डोक्यावर छत आलं असतं. तेव्हा मधल्या मोठ्या खोलीत ती खुर्ची आणि तिच्याभोवती आमचं शिक्षण, असा संसार आहे. पायाशी एक दांडा आहे, तो मारला की खुर्ची वर जाते. पंचवीस-तीस पोरांना कित्येक वर्षं पुरेल इतकी भांडणं त्या एका दांड्यात आहेत.

बायको आधी एका मोठ्या शाळेत शिकवायची. तिथे एका लहानग्याने बाहेर जाऊ का म्हणून तिला पुन्हा पुन्हा विचारलं. तिने दर वेळी "नको, तास संपू दे" म्हटलं, आणि तास संपायच्या आत त्याची चड्डी ओली झाली. सगळा वर्ग हसला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि पुढच्या सत्रात तिने नोकरी सोडली. त्या मुलावरून मी आजवर विनोद केलेला नाही आणि करणारही नाही. बाकी सगळ्यावर करतो.

म्हणून आमच्या केंद्रात मुलांना कुणी 'नको' म्हणत नाही. 'चूक'ही म्हणत नाही. सात आठे चोपन्न असं कुणी सांगितलं तर ते 'वेगळं उत्तर'. सर नाहीत, बाई नाहीत. माझी बायको सगळ्यांची ताई, मी सगळ्यांचा दादा. आमची लेक बोबडं बोलायची तेव्हापासून तिथेच वाढली, आणि तिलाच तेवढी सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय, म्हणून तीही ताई आणि दादाच म्हणायची. घरी आल्यावर तरी आई म्हणेल असं वाटलं होतं, पण जिभेला वळण लागलं ते लागलंच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे घरात तुम्ही तिघं भावंडं? मग आईबाप कोण, मी?" आम्ही हसून वेळ मारून नेली.

केंद्राचा सगळा कारभार गोलात चालतो. रोज सकाळी सगळे खुर्चीभोवती गोल करून बसतात. कुणालाही काही करायचं असेल तर त्याने ते गोलात मांडायचं. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, मत द्यायचं नाही. प्रश्न संपले आणि त्याला तरीही ते करायचंच असेल, तर सगळ्यांनी मदत करायची. हा नियम बायकोने केला आणि आजवर तो छान चालला. एका पोराला पंखा उघडायचा होता. आम्ही प्रश्न विचारले, मग मदत केली. तो पंखा अजून बादलीत आहे आणि पोराचं नाव 'पंखा' पडलंय.

गोलाची राखण करायला रोज कुणीतरी खुर्चीवर बसतं. अलीकडे ते काम एका सात वर्षांच्या मुलीने अडवून ठेवलंय. पुढचे दोन दात पडलेले, पण जीभ अशी की सगळे तिला वकीलबाई म्हणतात. कुणाचा प्रश्न हा खरा प्रश्न आहे की गुपचूप सल्ला, हे ती ठरवते. तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

त्या सोमवारी गोलात आमची लेक म्हणाली, "मला शाळेत जायचंय."

चौदा वर्षांची आहे. हात मांडीवर, मान ताठ. पाठ करून आली होती हे मला दिसत होतं.

"कुठल्या शाळेत?" बायकोने विचारलं.

"खऱ्या."

वकीलबाईंनी उगाच दांडा मारून खुर्ची थोडी वर घेतली.

"कोपऱ्यावरच्या," लेक म्हणाली. "घंटा आहे, गणवेश आहे, परीक्षा आहेत. शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचाय. त्यावर पालकांची सही लागते."

पंख्याने हात वर केला. "तिथे पंखे आहेत?"

"आहेत."

"खोलू देतात?"

"नाही."

"मग?" म्हणून तो खरोखर चिंतेत पडला.

बायको सावरून बसली. "तिथे बाहेर जायलाही परवानगी मागावी लागते, हे माहितीये तुला?"

"चालेल," वकीलबाई म्हणाल्या.

"माहितीये," लेक म्हणाली.

"आणि तुला नाही वाटत, तिथे तुझं मन कोमेजून जाईल?"

"बाद," वकीलबाई. "हा सल्ला आहे. शेवटी नुसता आवाज वर केलाय."

मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात लपवलं. पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात जे मला जमलं नाही ते या पोरीने एका शब्दात केलं होतं.

त्या दिवशी प्रश्न संपले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. नियमच तसा आहे, प्रश्न असेपर्यंत गोल उघडा. बायको दिवसा प्रश्न विचारायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात पुढचे तयार करायची. मी भाजी चिरत होतो, ती दुधाकडे पाठ करून उभी होती.

"असं विचारू का? की तू कधी विचार केलायस का, की तिथे..."

"बाद," मी म्हणालो.

"मग तू विचार ना काहीतरी! तुझी मुलगी नाही का ती?"

"मी तिचा दादा."

दूध उतू गेलं. ती ओटा पुसायला लागली. मी म्हटलं, "ताईचीच पोरगी शाळेत गेली, म्हणून लोक हसतील, याची काळजी वाटते का?"

"लोक गेले उडत," ती म्हणाली. "तिथे तिला कुणी सगळ्यांसमोर हसलं तर? ती कुणाकडे जाईल?" मग फडकं पिळत म्हणाली, "आणि मी नको म्हणू शकत नाही. तिला नको म्हटलं, तर उद्या या एकेका पोराला काय तोंड दाखवू?"

मी भाजी चिरत राहिलो. तिला त्या ओल्या चड्डीतलं पोर दिसत होतं आणि मला ती दिसत होती. मला तिची फार दया आली. पण दया आली असं सांगितलं असतं तर तिने भाजीसकट मला बाहेर काढलं असतं.

गुरुवारी गोल भरला तेव्हा बहुतेक पोरं कंटाळली होती. शेवटी बायकोने तो प्रश्न विचारला जो तिने पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "तुला का जायचंय?"

"चालेल," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनाही हायसं वाटलेलं दिसलं.

लेक म्हणाली, "शेजारची ती शाळेत जाणारी मुलगी मला जिन्यात बसून गणितं घालते ना. परवा मी एक सोडवलं, तर ती म्हणाली, चुकलं. सरळ तोंडावर. मला इतकं बरं वाटलं!"

"बरं?"

"म्हणजे ती नीट बघत होती. इथे मी काहीही लिहिलं तरी सगळे म्हणतात, छान, वेगळं आहे. कुणी बघतं की नाही तेच मला कळत नाही."

बायकोचा चेहरा पडला. "मी बघत नाही?"

वकीलबाई हळूच म्हणाल्या, "चालेल."

"बघतेस. पण सगळ्यांकडे बघतेस तसंच." लेक तिच्याकडे वळली. "मी पण एक विचारू?"

"विचार."

"मी जाऊ नये असं तुला वाटतं का?"

"बाळा, हा निर्णय सर्वस्वी तुझा..."

"मी ते नाही विचारलं."

मी बायकोकडे बघितलं. एरवी तिच्याजवळ शांत आवाजात बोलायची चार-पाच वाक्यं कायम तयार असतात. आम्ही दोघांनी मिळून घडवलेली, पालकांना ऐकवायची. त्यातलं एकही त्या दिवशी तिच्या मदतीला धावलं नाही.

"नको!" ती म्हणाली. "नको जाऊस. मी नाही पाठवणार तुला. चौदा वर्षांची आहेस, कळतं काय तुला?"

शिंप्याचं मशीन तेवढं खाली चालू होतं. वकीलबाई खुर्चीत उठून उभ्या राहिल्या. "ताई नको म्हणाली! ताई गोलात नको म्हणाली!"

नियम मोडला की काय करायचं तेही ठरलेलं आहे. शिक्षा आमच्याकडे नसते, तेव्हा नियम मोडणाऱ्याने आतल्या खोलीत बेसिनपाशी जाऊन पेलाभर पाणी पिऊन यायचं. ताई उठली आणि गेली. लेक तिच्या मागोमाग गेली. दार उघडंच होतं.

"मी जाणार म्हणजे जाणार!"

"जाऊन दाखव!"

"दाखवते!"

"उलट बोलू नकोस!"

"मग काय करू? आई, तू ऐकूनच घेत नाहीस!"

पेला आपटल्याचा आवाज आला. त्या एका हाकेकडे त्या दोघींचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मी तिथेच सतरंजीवर पोरांमध्ये बसून राहिलो.

"दादा, त्या काय करतायत?" वकीलबाईंनी विचारलं.

"भांडतायत."

"कशाला?"

"आई आणि मुलगी आहेत म्हणून."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "माझ्या घरी रोज असतं."

दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख. बायकोने सही करायला साफ नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मुलीला कशाला तरी नकार दिला होता, आणि तोही तिने दार आपटून, भांडी वाजवून, अगदी रीतसर दिला. लेक माझ्याकडे आली. अर्ज पुढे धरून म्हणाली, "बाबा, सही कर ना."

बाबा. मी अर्ज वाचला असं सांगेन तर खोटं होईल. पेन कुठे आहे तेवढं विचारलं.

"मला न विचारता सही केलीस?" संध्याकाळी बायको म्हणाली.

"तू नको म्हणाली होतीस."

"म्हणूनच तर विचारायला हवं होतं!"

आमच्या घरात अचानक आईबाप राहायला आले होते आणि त्यांची मला अजून सवय नव्हती.

शाळेचा पहिला दिवस, दिवाळीनंतरच्या सत्रातला, थंडीचा होता. बायको लेकीशी धड बोलत नव्हती, पण गणवेशाला इस्त्री तिनेच केली आणि वेणी घालायलाही तीच बसली. "हलू नकोस," म्हणाली. लेक हलली नाही.

"स्वेटर घाल."

"नको. त्या रंगाचा कुणी घालत नाही."

"घाल म्हणते ना!"

लेकीने पाय आपटत स्वेटर घातला आणि निघाली. आमचं घर केंद्राला लागूनच, तेव्हा आम्ही दोघं केंद्राच्या खिडकीशी येऊन उभे राहिलो, खाली शिंप्याचं दुकान, समोर सरळ रस्ता. ती ताड ताड चालत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे थांबली, मागे न बघता स्वेटर काढला, दप्तरात कोंबला आणि वळली.

"काढला!" बायको म्हणाली. "बघितलंस? मी सांगितलं होतं घाल म्हणून, आणि तिने काढला!" तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होतं. ती रडत होती, आणि मी तिला इतकं खूश कधीही बघितलेलं नाही.