पाटीची माझी बाजू

खोटं कशाला बोलू, धाकटी परत आली त्या दिवसापासून मी जळत होते. एकोणीस वर्षं मी बाबांच्या वर्कशॉपमध्ये पाट्या केल्या, पत्र्याने बोटं कापून घेतली. आणि ही माझी बहीण तीन वर्षं बाहेर शिकून आली, तर बाबांच्या तोंडी उठताबसता तीच. मी चहात साखर घेते की नाही, हे त्यांना अजून माहीत नाही. तिच्या खुर्चीवर मात्र आल्याआल्या उशी.

बाबांची नजर अधू झाली होती. वर्कशॉप आम्हा दोघींपैकी एकीच्या हाती द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि कोणाच्या ते नुकत्याच आलेल्या एका दवाखान्याच्या पाटीच्या कामावरून ठरणार होतं. दोन्हीकडून दिसणारी दिव्यांची पेटी; एक बाजू माझी, एक तिची. नगरपालिकेचा नवा नियम असा, की नुसती अक्षरं उजळली पाहिजेत, मागचा भाग ठार काळा. समोरच्यांना झोप लागत नाही म्हणे. म्हणून दुधी अ‍ॅक्रिलिकवर जाड काळी फिल्म चिकटवायची आणि तिच्यातून अक्षरं कापून काढायची.

फिल्म चिकटवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. फुगा राहिला की सुईने टोचायचा, हवा काढायची, कापडाने दाबायचं. बाबांनीच शिकवलेलं. माझी बाजू अगदी गुळगुळीत झाली. धाकटीच्या बाजूवर चार-पाच फुगे तसेच.

"टोच की," मी म्हटलं.

"राहू दे ताई. उन्हात बसतील आपोआप."

नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणत मी पेटी जोडायचं काम तिच्यावर टाकलं आणि खुशाल घरी जेवायला गेले. त्या दुपारी दोन घास जास्तच गेले.

परत आले तर तपासणीचे साहेब हजर. खिडक्यांना पुठ्ठे लावले, शटर ओढलं, धाकटीने बटण दाबलं. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं उजळली. साहेबांनी कोपरान् कोपरा पाहिला, कागदावर शिक्का मारला आणि गेले.

मग बाबांनी दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवला. धाकटीचे फुगे हाताला लागले असणार. "काम थोरलीचं," ते म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला.

धाकटीचं तोंड नीट बघायला मिळावं म्हणून मी लगबगीने शटर वर केलं. तिरपं ऊन आत आलं, आणि माझ्या चकचकीत फिल्मवर मोहरीएवढे निस्तेज ठिपके दिसले. पंचवीस-तीस तरी असतील. मी जिथे जिथे सुई टोचली होती, नेमके तिथे. आजवर आम्ही पांढऱ्या पेटीवर काळी अक्षरं चिकटवत आलो. भोवतीच्या लख्ख उजेडात अक्षरातलं भोक कोणाला दिसतंय? इथे काळ्यातून उजेड गळणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मी जेवत असताना हिने पेटी लावून पाहिली असणार आणि एकेक भोक काळ्या रंगाने बुजवलं असणार. तिच्या अंगठ्यावर रंग अजून ओला होता.

गप्प बसले असते तर सगळं माझं होतं. पण अंगाची नुसती लाही लाही झाली. ती हसली असती, बाबांकडे चहाडी केली असती, तरी चाललं असतं मला. तिने गुपचूप सावरून घेतलं, लहान पोराचं घेतात तसं.

"तुला कोणी सांगितलं होतं माझ्या बाजूला हात लावायला?" मी कडाडले. "दिसली असती भोकं तर दिसली असती."

"कसली भोकं?" बाबा म्हणाले.

"काही नाही, बाबा," धाकटी म्हणाली.

तिचं ते 'काही नाही' ऐकून तर माझं डोकंच फिरलं. मी बाबांचं बोट धरलं आणि एकेका ठिपक्यावर टेकवत सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी माझ्या हातून किल्ल्या घेतल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"आधी लावून बघायचं हिला सुचलं," ते म्हणाले.

"नको. ताईलाच द्या."

"घे मुकाट्याने," मी म्हटलं. "एका दिवसात दोन उपकार मला झेपायचे नाहीत."