चढले शून्य

शून्य लिहिताना पेन एकदाही उचलावं लागत नाही.

खचाखच भरलेली बस थांबा जवळ आला की वेग कमी करत नाही. उलट थोडा वाढवते.

ओली चादर इस्त्रीच्या तापलेल्या रुळांतून बाहेर येते तेव्हा ती दोघींनी दोन टोकांना धरावी लागते. एकटीने धरली तर चुरगळते आणि पुन्हा ओली करावी लागते.

छापील फॉर्मची मागची बाजू स्कॅन होत नाही.

नव्या बसना धूर नाही, आवाजही नाही. पाठ करून उभं असलं तर गेलेली बस नुसता वारा लागल्यावर कळते.

ज्याचा गुडघा अर्धाच वाकतो त्याला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसता येत नाही. उभं मात्र तासभर राहता येतं.

वेळ

सकाळी सहा ते दहा. मोजणीबाईची अठरा वर्षं या चार तासांत गेली होती.

तिचं काम सांगायला सोपं होतं. बसकचेरी सांगेल त्या थांब्यावर जायचं, खांबापासून चार पावलांवर दुमडती खुर्ची टाकायची, आणि बस आली की लिहायचं: वेळ, उतरले किती, चढले किती. डाव्या हातात मोजायचं यंत्र, ज्याला सगळे टिकटिक म्हणत, आणि उजव्या हातात पेन. फॉर्मवर पूर्वी चौथा रकानाही होता, ‘शेरा’ नावाचा. त्यात मोजणारे मनाला येईल ते लिहीत. एकाने एकदा खुर्चीच्या मोडक्या पायाबद्दल सलग नऊ दिवस लिहिलं होतं. पुढे फॉर्म मशीन वाचायला लागलं, मशीनला आकडे कळत होते, हस्ताक्षर कळत नव्हतं, म्हणून शेरा गेला. खुर्चीचा पाय तसाच राहिला.

अठरा वर्षांत तिचा आकडा एकानेही चुकला नव्हता. दोघं मोजणारे एकाच थांब्यावर बसवले आणि बेरीज जुळली नाही, तर कचेरीत कोणी चौकशी करत नसे. बाईंचा आकडा धरत. घरी नवरा म्हणायचा, ही जिना उतरताना पायऱ्या मोजते आणि परत चढताना पडताळून पाहते. ती म्हणायची, मग काय, जिन्याचा काय भरवसा.

उतरले

वसंत संपता संपता तिला तिच्याच गल्लीच्या तोंडावरचा थांबा मिळाला. घरापासून चाळीस पावलं. खुर्ची उचलून न्यायची म्हणून तिला बरंच वाटलं.

हा थांबा मार्गाच्या मध्यावर. बस जिथून सुटते तिथे दहा वर्षांपूर्वी मोकळं माळरान होतं, आता वीस-वीस मजले उभे होते, आणि अजून क्रेन हलत होत्या. त्यात दर तीन जुन्या धुराच्या बस काढून त्यांच्या जागी नव्या दोन बॅटरीच्या दिल्या होत्या. हवा सुधारली होती, हे खोटं नाही. पण तीन बसमधली माणसं दोन बसमध्ये, आणि त्यावर वीस मजले. बस इथे पोहोचेपर्यंत दाराला चेहरे चिकटलेले असत.

मोजणीच्या सकाळी अकरा बस आल्या. नऊ थांबल्याच नाहीत. दोन थांबल्या, त्यातून सातजण कसेबसे सुटून खाली आले, आणि त्यांनी रिकामी केलेली जागा आतल्यांनी श्वास घ्यायला वापरली. बाहेरचं एकही माणूस आत शिरू शकलं नाही.

रांगेत तिची नणंद होती. वन्संना दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायला साडेसातला पोहोचावं लागे. वय सत्तावन्न, गुडघा गेलेला, जीभ शाबूत. त्यांनी रांगेतून हात केला. मोजणीबाईने मान हलवली नाही. मोजताना मान हलली की आकडा हलतो असं तिचं मत होतं. तीन बस तोंडासमोरून गेल्यावर वन्सं पिशवी काखेत मारून चालायला लागल्या, लंगडत, दवाखान्याच्या दिशेने. तासाभराची वाट.

बस नसलेल्या वेळात तिच्या पेन्सिलीला चाळा लागे. फॉर्म उलटा करून ती मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा ओढत बसायची. चार उभ्या, एक आडवी. जो नवा माणूस रांगेला येऊन लागे त्याची एक रेघ. सांगितलं कोणी नव्हतं. हाताला सवय.

दहा वाजता तिने पेनाने बेरीज मांडली. उतरले सात. चढले शून्य. आकडा बरोबर होता.

चढले

अडीच महिन्यांनी खांबावर कागद चिकटला: प्रवाशांअभावी हा थांबा महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.

वन्संनी तो कागद चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला आणि घरी येऊन आधी पाणी प्यायल्या. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून भावजयीला विचारलं, प्रवाशांअभावी म्हणजे काय गं. मोजणीबाईने समजावलं की चार तासांत कोणी चढलं नाही तर मागणी नाही असं धरतात. थांबे कमी केले की बस लवकर पोहोचते, बॅटरीही पुरते. हे सगळं तिला पाठ होतं. कचेरीच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं.

“मी उभी होते की तुझ्यासमोर,” वन्सं म्हणाल्या. “हातसुद्धा केला. मला मोजलंस का?”

मोजणीबाई कणीक मळत होती. ती मळतच राहिली.

पुढचा थांबा दीड किलोमीटरवर, तोही उड्डाणपुलाच्या पलीकडे, जिना चढून. भावाने म्हणून पाहिलं की मी स्कूटरवर सोडीन. वन्संनी त्याला आठवण करून दिली की मागच्या वेळी त्यांना स्कूटरवरून उतरवायला दोन शेजारी लागले होते. राहता राहिलं काम सोडणं. घरात त्या दिवसभर एका खुर्चीत बसल्या तर काय होईल हे तिघांनाही माहीत होतं, आणि त्यांना स्वतःला सगळ्यात जास्त. चादरीचं दुसरं टोक धरणारी बाई वीस वर्षं तीच होती. त्या म्हणायच्या, माझं लग्न तिच्याशीच झालंय, मध्ये एक चादर आहे इतकंच.

मोजणीबाई अठरा वर्षांत पहिल्यांदा न बोलावता साहेबांच्या टेबलासमोर गेली. साहेब मार्ग आखायचे. डोळ्यांखाली काळं, टेबलावर शहराचा नकाशा, त्यावर कपाचे गोल डाग, तेही आता रस्त्यांसारखेच दिसायला लागलेले. तिने फाइलमधून आपला फॉर्म काढायला लावला, उलटा केला आणि रेघा दाखवल्या. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग फॉर्म सुलटा केला.

“उभे राहिले ते प्रवासी नसतात, बाई. चढले की प्रवासी.”

“बस थांबली तर चढतील ना.”

“जागा असती तर थांबली असती.” त्यांनी कपाळ चोळलं. “अजून बस मागितल्या तर विचारतात, मागणी कुठे आहे, आकडा दाखवा. आकडा दाखवावा तर तुमचं शून्य.”

रागावून बोलत नव्हते. रोज तेच बोलून झिजलेला आवाज होता. त्यांचा स्वतःचा थांबा बंद थांब्यांच्या पहिल्याच यादीत गेला होता. त्यांनीच काढला होता. आता ते मोटारीने दीड तासात येत, आणि वाटेत ज्या बसच्या मागे अडकत, तिच्यावर ‘मोटार घरी ठेवा’ असं लिहिलेलं असे.

शेवटी ते म्हणाले, नियमात एक फेरमोजणी बसते. चार तासांत तीस चढले पाहिजेत. त्या दिवशी बस थांबवा असं मी डेपोला कळवतो, पुढचं माझ्या हातात नाही. आणि मोजायला दुसरं कोणी नाही, तुम्हीच बसा.

फेरमोजणीच्या दिवशी तीच खुर्ची, तेच चार पावलांचं अंतर. खांबावर तोच कागद, एक कोपरा सुटलेला.

बस थांबल्या. अकरापैकी आठ. दाराशी असलेले लोक कुरकुरत मागे सरकले आणि तिघं, चौघं, कधी एकच आत गेलं. दुसऱ्या बसला वन्सं होत्या. चालकाने दार उघडं ठेवलं, वन्संनी आधी बरा पाय, मग पिशवी, मग दुसरा पाय असा क्रम लावला. टिकटिक. आज त्यांनी हात केला नाही. केला असता तर आज मोजणीबाईने मान हलवली असती.

साडेआठनंतर थांबा रिकामाच झाला. बस थांबत होत्या आणि चढायला कोणी नव्हतं. ती उठून उभी राहिली, गल्लीकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. कागद खांबावर लागून तीन आठवडे झाले होते. लोकांनी वाचला, विश्वास ठेवला, आणि आपापली सोय केली. समोरच्या सिग्नलला त्यांच्यातले काही दिसलेही: शाळेची लेखनिक नव्या कोऱ्या स्कूटरवर, दोन्ही पाय टेकवत; चष्म्याच्या दुकानातले दोघं भाऊ एका मोटारसायकलवर. सिग्नल सुटला तरी ती सगळी गर्दी हलत नव्हती, आणि तिच्यात अडकलेली बस थांब्यापर्यंत यायला सात मिनिटं घेत होती. ती सातही मिनिटं तिने घड्याळात पाहिली.

पावणेदहाला टिकटिकवर एकोणीस होते.

दहाला पाच कमी असताना शेवटची बस आली, दार उघडलं, कोणी चढलं नाही, दार मिटलं. चालकाने तिच्याकडे पाहून हात पसरले, म्हणजे मी थांबलो होतो बरं का. तिने मान डोलावली. बस गेली. वारा लागला.

तिचा अंगठा खटक्यावर होता. तो तिने दाबला. वीस. एवढ्याने काही झालं नाही. रस्ता तसाच होता. मग तिने सावकाश, एकेक करून, खऱ्या माणसांना चढायला लागेल तेवढा वेळ मध्ये सोडून, दाबत नेला. दर खेपेला तिने रांगेतला एकेक चेहरा आठवला: पहिल्या मोजणीला निळी छत्री घेऊन उभा असलेला माणूस, कडेवर झोपलेलं मूल घेतलेली बाई, त्या बाईमागे हातात रंगाचे डबे घेतलेला रंगारी. तिसावर ती थांबली. एकतीस केले नाहीत. मग ते अकरा तिने आठ बसच्या ओळींत वाटून टाकले, कुठेही उठून दिसणार नाहीत असे.

घरी जाताना पावलं मोजायची राहिली.

आठवड्याने खांबावरचा कागद निघाला. थांबा राहिला. बातमी वन्संनीच आणली, चप्पल काढता काढता. साहेबांच्या कचेरीतून दुसरा कागद लागला होता: फेरमोजणीत प्रवासी तीस.

“तीस,” वन्सं म्हणाल्या. “मी चढले तेव्हा माझ्या मागे चौघं होती. नंतर फार लोटले वाटतं.”

“लोटले.”

“तुझं मोजणं कधी चुकत नाही म्हणे.”

मोजणीबाईने चहाचं आधण ठेवलं. वन्सं आत जाऊन गुडघ्याला तेल लावायला बसल्या. परत येऊन त्यांनी कप घेतला, आणि एरवी कपाची कड पुसून पिणाऱ्या त्या आज न पुसताच प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी वन्सं खांबाला टेकून उभ्या होत्या, मागे सहा-सात माणसं. बस आली, भरलेली. थांबली नाही. दुसरी आली, तीही नाही.

“उभं राहायला जागा तरी आहे,” वन्सं म्हणाल्या, तिच्याकडे न पाहता. “जा तू. तुला उशीर होईल.”

ती खुर्ची खांद्याला लावून चालायला लागली. तिसरी बस मागून आली तेव्हा तिने मान वळवली नाही. वारा लागतो का, एवढंच पाहिलं.

शेरा

पहिल्या मोजणीच्या दिवशी, सकाळी सहा ते दहा, त्या थांब्यावर एकशे सोळा माणसं उभी होती.